आषाढात वाचलेल्या कादंबऱ्या, आणि एक अर्धी राहिलेली

एका वाचक मुलीचा प्रश्न असा: ‘ताई, तुम्ही इतकी वर्षं ग्रंथपाल आहात, महिन्याला चार-पाच कादंबऱ्या सहज वाचता असं ऐकलं. मीही वाचते, वाचताना रडतेसुद्धा. पण पंधरा दिवसांनी कुणी विचारलं तर ‘छान होती’ याच्या पुढे मला काही सांगता येत नाही. मागच्या महिन्यात तुम्ही काय वाचलंत, आणि ते लक्षात कसं राहतं?’

‘सहज’ हा शब्द आधी खोडते. मार्चमध्ये माझी एकही कादंबरी होत नाही. सरकारकडून वाचनालयाला मिळणाऱ्या परिरक्षण अनुदानाचे कागद, ग्रंथपडताळणी, हिशेब यातच महिना जातो आणि पुस्तकं नुसती मोजून होतात. आषाढाचं वेगळं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या या तालुक्याच्या गावी पाऊस लागला की दुपारी देवघेवीच्या टेबलापाशी कुणी फिरकत नाही. नेहमीचे म्हातारे वाचक वारीला गेलेले, बाकीचे घरात अडकलेले. पेपर वाचायला येणारे चौघे तेवढे न चुकता येतात आणि त्यांना माझी गरज नसते. त्यामुळे या आषाढात पाच कादंबऱ्या झाल्या. सगळ्या जुन्या, त्यातल्या चार तर आधी वाचलेल्याच. एक अर्धी राहिली, तिथूनच सुरुवात करते.

श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ मी दर दोन-तीन वर्षांनी घरी नेते. १९८७ साली आलेली, दोन जाडजूड खंड, जगबुडी नदीकाठचं गाव आणि खोतांच्या पिढ्यांमागून पिढ्या. ‘तुंबाड’ सिनेमा आल्यापासून कॉलेजची पोरं ती मागायला येतात. सिनेमाच्या गोष्टीशी हिचा काही संबंध नाही म्हटलं की खंड टेबलावर तसाच ठेवून निघून जातात. आमच्या प्रतीच्या मागच्या कोऱ्या पानावर कुणा वाचकाने शिसपेन्सिलीने खोतांची वंशावळ काढायला घेतली आहे. तिसऱ्या पिढीपाशी ती थांबते. मीही यंदा साधारण तिथेच थांबले. दोष कादंबरीचा नाही. अशी कादंबरी रोज पन्नास पानं, खंड न पाडता, नाती डोक्यात ताजी ठेवून वाचायची असते. मधे चार दिवस पाहुणे आले की कोण कुणाचा चुलता हे परत धुंडाळत बसावं लागतं. तेव्हा अर्धी सोडलेली कादंबरी मनाला लावून घेऊ नका. ज्यांच्या खात्यावर आठवड्याला दोन पुस्तकं चढतात त्यातले बरेचजण शेवटची दहा पानं आधी वाचतात, हे मला टेबलामागून दिसतं.

मग पातळ कादंबऱ्यांकडे वळले. पातळ हे आमच्या कपाटापुरतं बरं का, जाडीवरून.

पहिली विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, १९३९ची. बेडेकरांनी नाटकं लिहिली, सिनेमे केले, पुढे आत्मचरित्र लिहिलं. कादंबरी मात्र ही एकच. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू, त्यांच्यात हॅर्टा. सांगणारा चक्रधर विध्वंस, मायदेशी परतणारा तरुण. कॉलेजात असताना मी ही प्रेमकथा म्हणून वाचली होती आणि हॅर्टासाठी उशी भिजवली होती. आता पन्नाशी उलटल्यावर चक्रधरचा राग येतो. उमा नावाच्या मुलीपायी झालेल्या जखमेचा वचपा हा गृहस्थ सगळ्या बायकांवर काढायला निघालेला, आणि गोष्ट सांगणाराही तोच. पण या खेपेला डोळ्यांत भरलं ते दुसरंच. त्याला मुंबईला उतरता येणार आहे. तिला नाही. त्याचा देश इंग्रजांच्या ताब्यात का असेना, आहे तरी. तिला कुठलंच बंदर ‘ये’ म्हणत नाही. म्हणजे ही सगळी गोष्ट आपण ऐकतो ती ज्याला उतरायला जागा आहे त्याच्या तोंडून. शेवटाकडे त्याचा आवाज इतका का कातरतो, हे मला पस्तीस वर्षांपूर्वी कळलंच नव्हतं. तेव्हा वाटलं होतं, प्रेम गेलं म्हणून.

मी एक वही ठेवते. पुस्तकाचं नाव, तारीख आणि एकच ओळ. कथानक लिहीत नाही, ते मलपृष्ठावर असतं. ‘रणांगण’पुढे लिहिलं: ‘सांगणाऱ्याला तिथून निघता येतं.’ हे लिहिताना पुढच्या चारही पुस्तकांना मी हाच प्रश्न विचारणार आहे असं काही ठरवलं नव्हतं. पण एकदा लिहिल्यावर तो सुटेना.

दुसऱ्याच आठवड्यात ‘बनगरवाडी’ घेतली. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. ही कादंबरी इतक्यांना शाळा-कॉलेजात नेमलेली असते की लोक तिला घाबरत नाहीत, पण उघडतही नाहीत. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे शाळामास्तर म्हणून आलेला एक कोवळा पोरगा. पोरं मेंढरांमागे रानात, शाळा ओस. म्हातारा कारभारी त्याला हाताशी धरतो. आनंदा रामोशी, दादू बालट्या, आयबू, अशी एकेक माणसं येऊन मास्तराच्या दारात बसतात आणि आपापलं सांगून जातात. माडगूळकर चित्रंही काढायचे, आणि तो हात इथे पानापानावर दिसतो: दोन रेघांत माणूस उभा, तिसरी रेघ नाही. शेकूची बायको बैलाच्या जागी जू स्वतःच्या खांद्यावर घेते, तो प्रसंग बघा. दुसऱ्या कुणी लिहिला असता तर चार पानं हुंदके असते. इथे मास्तर बघतो, सांगतो आणि पुढे जातो. हुंदका आपल्याकडे राहतो.

माझ्या डोक्यातला मास्तर चाळिशीचा होता. का ते माहीत नाही, बहुधा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझे मास्तर चाळिशीचे होते म्हणून. आता वाचताना तो मला मुलासारखा वाटला. त्याच्या चुका दिसल्या. गावाचं आपण भलं करतोय या खात्रीने तो वागतो तेव्हा कारभाऱ्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते त्याला दिसत नाही, आपल्याला दिसतं. सांगणाऱ्याला न दिसलेली गोष्ट वाचणाऱ्याला दाखवायची, तीही सांगणाऱ्याच्याच तोंडून, हे फार अवघड काम आहे. माडगूळकर ते असं करतात की केलेलं कळत नाही.

आणि ती तालीम. मास्तराच्या डोक्यातून निघते, गाव अंगमेहनतीने बांधतं, उद्घाटनाला औंधचे राजेसाहेब येतात. कादंबरीतला सगळ्यात आनंदाचा भाग तो. मग पाऊस दगा देतो, मेंढरं मरायला लागतात, माणसं वाडी सोडतात. आमच्या वाचनालयाची इमारत गावाने वर्गणी काढून बांधलेली. भिंतीत देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी आहे, वाचकांच्या खुर्च्या साठ आहेत. दुपारी तीन वाजता त्या तालमीचं वर्णन वाचताना मी मान वर करून खुर्च्या मोजल्या. चार भरलेल्या. मी पुस्तक मिटलं आणि चहा करायला गेले. इतक्या वेळा वाचूनही ते पान मला कधी असं लागलं नव्हतं.

मास्तरही शेवटी जातोच. सरकारी नोकर, बदली आहे, दुसरी शाळा आहे. धनगरांना मेंढरांमागे कुठे जायचं ते ठाऊक नाही. हिच्या इंग्रजी भाषांतराच्या नावात गावाला भिंती नव्हत्या असं म्हटलंय. मला आपलं ‘बनगरवाडी’ हेच बरं वाटतं, नुसतं पत्त्यासारखं.

एकादशीच्या दिवशी आमच्या वाचक मंडळाची बैठक असते. बायकाच जास्त. त्या दिवशी उपासाचं खाऊन सगळ्या सुस्तावल्या होत्या, म्हणून म्हटलं, आज चर्चा नको, मी मोठ्याने वाचते. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ काढली. १९७१ची, छोटीशी. मराठवाड्यातल्या खेड्यातला गंगाराम शिंपी, त्याचं मशीन, गावातल्या वजनदार माणसांशी आलेलं वाकडं, आणि त्यात विस्कटत गेलेलं घर. सांगते त्याची बायको, पहिल्यापासून शेवटपर्यंत तिच्याच बोलीत. आधी एकटीने दोनदा वाचायला घेतली होती आणि दोन्ही वेळा विसाव्या पानाशी अडले होते. आमच्याकडची बोली वेगळी, कान वेगळा. ‘बोली अवघड आहे’ हे वाक्य मी वाचकांकडून आठवड्याला एकदा तरी ऐकते, आणि खरं सांगते, मनातून मलाही तसंच वाटायचं.

मोठ्याने वाचल्यावर तिसऱ्या पानापासून ती सरळ झाली. मंडळात लातूरकडच्या एक बाई आहेत, नवऱ्याच्या बदलीमुळे इथे आलेल्या. एरवी त्या तोंड उघडत नाहीत. त्यांनी मला मधेच थांबवलं: ‘ताई, असं नाही. तुम्ही वाक्य खाली सोडता. आमच्याकडं ते वर जातं.’ आणि पुस्तक माझ्या हातातून घेऊन त्यांनी पुढची पंधरा पानं वाचली. पाऊस पडत होता, कुणी हललं नाही. त्या वाचत होत्या तेव्हा गंगारामची बायको शेजारच्या घरात बसून बोलतेय असं वाटत होतं. नंतर सगळ्या बराच वेळ बोलत राहिल्या, पण पुस्तकाबद्दल नव्हे, कुणाच्या घरात कसं भांडण झालं याबद्दल. माझ्या मते कादंबरीवरची ती उत्तम चर्चा होती.

‘पाचोळा’मधल्या बाईला निघता येत नाही. नवऱ्याच्या मानापमानाच्या भांडणात तिचा हात नाही, ते मिटवण्याची ताकद तिच्यात नाही, आणि होणारं सगळं तिला आधी दिसतं. ती रडून सांगत नाही. स्वयंपाक, चूल, मशीनची धडधड, कोण आलं, कोण काय बोललं, यातूनच सांगते. बाहेरून आलेला मास्तर जसं गाव बघतो तसं तिला बघता येत नाही, कारण तिला लांब उभं राहायला जागाच नाही. ‘बनगरवाडी’नंतर लगेच ‘पाचोळा’ वाचल्यामुळे हे इतकं ठळक दिसलं. उलट क्रमाने वाचल्या असत्या तर कदाचित दिसलंही नसतं. म्हणून तुम्हाला सांगते, कादंबऱ्या निवडताना शेजारी काय ठेवताय याचाही विचार करा. बोराडे सर २०२५च्या फेब्रुवारीत गेले. तेव्हा आठवडाभर त्यांची पुस्तकं दाराजवळच्या टेबलावर मांडून ठेवली होती. एकही उचललं गेलं नव्हतं. या एकादशीनंतर ‘पाचोळा’साठी पाच जणींची नावं लागली आहेत.

आता ‘धग’. उद्धव शेळके, १९६०. हिच्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ती वाचून झाल्यावर मला दोन दिवस काहीच वाचवलं नाही. वऱ्हाडातलं शिंप्याचंच घर, योगायोगाने. कौतिक, तिचा नवरा महादेव, भीमा आणि नामा ही मुलं. गरिबी आहेच, त्यात महादेवाला महारोग होतो. आमच्या एका नेहमीच्या वाचक काकूंनी ती दुसऱ्या दिवशी परत आणली होती. म्हणाल्या, ‘घरात काय कमी आहे म्हणून हे वाचू?’ त्यांच्याशी मी वाद घातला नाही. पण कौतिक ही कीव करण्यासारखी बाई नाही, हे त्यांना कळायला आणखी पन्नास पानं लागली असती. ती हट्टी आहे, तोंडाने फटकळ आहे, तिला काहीतरी व्हायचंय, पोराला शिकवायचंय, आणि त्या जिद्दीपायी तिचे निर्णयही चुकतात. तिच्यावर रागवता येतं. दुःखी माणसावर वाचकाला रागवता येणं, ही शेळक्यांची कमाल.

इथे सांगणारा घरातला नाही. निवेदन बरंचसं प्रमाण मराठीत चालतं आणि माणसं बोलतात वऱ्हाडी. ‘मले’, ‘तुले’, डोळ्याचा ‘डोया’. म्हणजे लेखक दाराच्या उंबऱ्यावर बसलाय: आत जात नाही, उठूनही जात नाही. वहीत तेवढंच लिहिलं, ‘उंबऱ्यावर’. पुढे कधी कुणी ‘धग’बद्दल विचारलं तर या एका शब्दावरून मला अर्धा तास बोलता येईल.

यानंतर पु. शि. रेग्यांची ‘सावित्री’ हातात घेतली, हे माझं चुकलंच. १९६२ची ही कादंबरी म्हणजे नुसती पत्रं, सावित्रीने लिहिलेली. ज्याला लिहिली त्याची उत्तरं आपल्याला वाचायला मिळत नाहीत. त्यात लच्छी आणि मोराची गोष्ट आहे: मोर हवा असेल तर आपणच मोर व्हायचं. या गोष्टीवर माझ्या ओळखीतल्या निदान तिघांनी लग्नं जमवली असतील. मीही विशीत ती पत्रं वहीत उतरवून घेतली होती. पण कौतिकनंतर लगेच सावित्री म्हणजे चुलीपुढून उठून एकदम गच्चीवर गेल्यासारखं झालं. हवा छान, पण डोळे अजून चुरचुरतायत. तिचं ते तरल, समजूतदार लिहिणं मला कृत्रिम वाटायला लागलं. ‘तुला उद्याच्या दळणाची काळजी नाही बाई’ असं काहीतरी मनात आलं. हा सावित्रीवर अन्याय आहे हे मला कळतं. दिवाळीच्या सुट्टीत, पोट भरलेलं असताना परत वाचीन. तोवर मत राखून ठेवते. वहीत तिच्यापुढची ओळ अजून कोरीच आहे.

आता तुमच्या मूळ अडचणीकडे. पंधरा दिवसांनी आठवत नाही, याचं कारण माझ्या अनुभवात बहुतेकदा हे असतं की आपण ‘पुढे काय झालं’ एवढंच वाचतो. ते कळलं की डोक्याला ते सांभाळायचं कारण उरत नाही. वाचताना एक कुठला तरी प्रश्न मनात असला की बाकीचं त्याला येऊन चिकटतं. माझा या महिन्याचा प्रश्न ‘सांगणाऱ्याला तिथून निघता येतं का’ हा होता. तुमचा वेगळा असेल. आमच्या मंडळातल्या एक निवृत्त तलाठी बाई प्रत्येक कादंबरीत जमीन कुणाच्या नावावर आहे ते शोधतात. हसू नका, त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कादंबऱ्या तपशिलाने आठवतात. ‘तुंबाडचे खोत’ पूर्ण वाचलेल्या मंडळातल्या त्या एकट्याच.

प्रस्तावना शेवटी वाचा, एवढी एक विनंती. मराठी प्रस्तावनाकारांना शेवट सांगून टाकल्याशिवाय राहवत नाही. आणि बोलीत लिहिलेली कादंबरी अडली तर पहिली पाच पानं मोठ्याने वाचा. घरात कुणी हसेल, हसू दे. तीस पानांनंतरही अडलीच तर ठेवून द्या, पण परत करताना ग्रंथपालाला खरं कारण सांगा. ‘वेळ मिळाला नाही’ असं सांगितलंत तर पुढच्या वेळी काय द्यायचं ते आम्हाला कळत नाही.

वहीबद्दल आणखी एक. एकच ओळ लिहायची म्हणजे ती चांगली हवी असं नाही. माझ्या जुन्या वहीत ‘बनगरवाडी’पुढे १९९८ साली मी लिहिलेलं आहे: ‘छान. धनगर लोकांविषयी माहिती मिळते.’ हे वाचून मला घाम फुटला. पण ते खोडलं नाही. त्याच्याखाली या आषाढाची ओळ लिहिली.

पुढचं पुस्तक काय, असं विचाराल तर विभावरी शिरूरकरांची ‘बळी’, १९५०ची. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, ‘रणांगण’वाल्या विश्राम बेडेकरांच्या पत्नी, दोघांची पुस्तकं आमच्याकडे एकाच कपाटात, दोन खण सोडून आहेत. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. सोलापूरला तारेच्या कुंपणात त्यांची वस्ती होती, तिथे हजेरी द्यावी लागे. मालतीबाईंनी तिथे नोकरी केली आणि मग ही कादंबरी लिहिली. म्हणजे इथे परत तेच: लिहिणारी संध्याकाळी कुंपणाबाहेर येऊ शकते. मला बघायचंय की तिला स्वतःला हे किती टोचतं. आमच्याकडे एकच प्रत आहे आणि तिची पानं सुटी झाली होती म्हणून बांधणीला दिली आहे. बांधणीवाला म्हणतो श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारनंतर. तोवर ‘तुंबाडचे खोत’चा पहिला खंड परत घरी आणलाय, आणि या वेळी तलाठी बाईंकडून वंशावळ उतरवून घेतली आहे.